सुलैची मालगाडी

परवा मोबाईलवर इंडियन स्कूलच्या आयांचा जुना ग्रुप पुन्हा जागा झाला. माझ्या रेवाची बारावी गेल्या वर्षीच झाली, ती पुण्याला कॉलेजात गेली, तरी मी त्या ग्रुपमधून बाहेर पडलेले नाही. बाहेर पडलं की सगळ्यांना दिसतं, आणि मला दिसण्याचीच तर भीती. "हॉल तिकिटावरचा फोटो अंधुक आलाय, चालेल का?" "सेंटरबाहेर पार्किंग मिळतं का हो?" "रमजानात शाळेचा गेट किती वाजता उघडतो?" प्रश्न तेच, फक्त आया नव्या. मी गॅस बारीक करून सगळे मेसेज वाचून काढले.

रियाधमध्ये हल्ली परीक्षा आणि रमजान एकत्रच येतात. रमजान दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो, त्यामुळे काही वर्षांनी ही गाठ सुटेल. पण सध्या आमच्याकडे फेब्रुवारी-मार्च म्हटलं की सुपरमार्केटच्या दारात लाल सरबताच्या बाटल्यांचे डोंगर, समोशाच्या पट्ट्यांची पाकिटं, खजुराची खोकी, आणि त्यांच्यामधून वाट काढत मुलीसाठी पेनांचा सेट शोधणारी एखादी मराठी आई. थंडी संपलेली असते पण स्वेटर आत टाकायला मन धजत नाही. अचानक तासभर पाऊस पडतो, हवेतली सगळी धूळ खाली बसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी असा लख्ख उजेड पडतो की लांबच्या इमारतींच्या खिडक्यासुद्धा दिसायला लागतात. तो उजेड दिसला की माझे हात शिवशिवतात.

कारण मी मालगाड्यांचे फोटो काढते. हे एवढंसं वाक्य लिहिताना आत्तासुद्धा मी मान वळवून मागे कोणी उभं नाही ना ते पाहिलं.

दम्मामच्या बंदरातून कंटेनर लादून गाड्या निघतात आणि वाळवंट ओलांडून रियाधच्या ड्राय पोर्टला येतात. शहराच्या त्या बाजूला, अल सुलैमध्ये, नुसती गोदामं आहेत: टायरांची, फरशांची, तांदळाची, फ्रीजांची. त्यांच्या पाठीमागून रूळ जातो. रुळापलीकडे धान्याचे सायलो आहेत, आटवलेल्या दुधासारख्या पिवळट रंगाचे, एकाला एक खेटून उभे. त्यांच्या डाव्या हाताला बंद पडलेल्या सिमेंट कारखान्याची चिमणी आणि लाल-पांढऱ्या चौकटींची पाण्याची टाकी. कोणाला दाखवायला न्यावं असं काही नाही. पण सकाळचं ऊन सायलोंवर पडलेलं असताना समोरून निळे, तपकिरी, हिरवे डबे एकावर एक चढून जायला लागले, की मला भरून येतं. का, ते विचारू नका. एवढंच कळतं की प्रवासी गाडी आली की कोणाचा तरी चेहरा शोधावा लागतो. या देशात आम्ही सगळे कायम कोणाला तरी आणायला नाहीतर सोडायला निघालेलो असतो. मालगाडी कोणाला आणत नाही आणि कोणाला नेत नाही. तिच्याकडे नुसतं बघितलं तरी चालतं.

एकदा, अगदी सुरुवातीला, मी हे फोटो लोकांना दाखवले होते. इथल्या एका मैत्रिणीकडे, माधुरीकडे, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं, मग प्रत्येकीने मोबाईल काढले. कोणाची रांगोळी, कोणाचे उकडीचे मोदक, कोणाचा बाल्कनीतला पुदिना. माझी पाळी आली तेव्हा मी सायलोसमोरची गाडी दाखवली. मोबाईल हातोहात फिरला आणि माधुरीपाशी थांबला.

"अगं, ह्यात माणूस कुठाय?" ती म्हणाली.

"माणूस नाही. मालगाडी आहे."

"ते दिसतंय गं. पण म्हणजे... मालगाडीच?"

सगळ्या हसल्या. वाईट हसल्या असंही नाही, आपल्यातलीच कोणी काही खुळ्यासारखं बोलली की हसतात तसंच. मीही हसले. घरी आल्यावर शिरीषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हा किस्सा ऐकून मला "गार्डबाई" असं नाव ठेवलं. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "गंमत बाजूला ठेव. ह्या देशात कॅमेरा घेऊन रुळाकडे जायचं म्हणजे... उद्या कोणी तक्रार केली, ऑफिसात फोन आला, की खलास. तुझा इकामा, इथे राहायचा परवाना, माझ्या इकाम्यावर आहे." तो बँकेत आयटीत आहे, त्याला सगळ्यात आधी धोका दिसतो. जिथे मनाईचा बोर्ड असतो तिथे मी कॅमेरा पिशवीतून काढत नाही, हे मी त्याला सांगितलं. ते त्याने ऐकलं की नाही कोण जाणे.

त्या दिवसापासून मी भाजी आणायला जाऊ लागले. सुलैच्या वाटेवर घाऊक भाजीबाजार आहे, त्यामुळे खोटं अगदीच निराधार नव्हतं. येताना दोन जुड्या कोथिंबीर घेतली की झालं. आमच्या घरी कोथिंबीर कधी संपली नाही.

खोटं बोलणाऱ्याला वाटतं की ते आपल्यापुरतंच आहे. एकदा रेवाची मैत्रीण आमच्या गाडीत बसली होती. मागच्या सीटवरची कॅमेऱ्याची पिशवी बघून तिने विचारलं, "आंटी फोटोग्राफर है क्या?" मी आरशात बघितलं. रेवा खिडकीबाहेर बघत, अगदी सहज, म्हणाली, "नहीं यार, मम्मा बस फूलों के फोटो लेती है." तिला कोणी असं सांग म्हणून शिकवलं नव्हतं. घरी आल्यावर आम्ही दोघींनी त्यावर चकार शब्द काढला नाही.

बारावीच्या त्या परीक्षेत मी रेवाला सकाळी सेंटरला सोडायचे. बाकीच्या आया गाडीतच बसून राहायच्या. कोणी पोथी वाचायची, कोणी डोळे मिटून जप करायची, एक तर पेपर सुटेपर्यंत पाणीही प्यायची नाही. मी रेवाला "शांतपणे लिही" म्हणायचे, ती गेटाआड दिसेनाशी झाली की गाडी वळवायचे आणि सुलै गाठायचे. पोटची पोर आत ताळेबंद जुळवतेय आणि ही बया डब्यांचे रंग बघत उभी, असं माझं मलाच ऐकू यायचं. तरी मी जायचे.

जायच्या आधी एक गोष्ट करायचे. टिकली काढून गाडीच्या आरशाच्या कडेला चिकटवायचे आणि ओढणी डोक्यावरून घट्ट गुंडाळून घ्यायचे. टिकली लावू नका असं मला इथे कधी कोणी म्हटलेलं नाही. पण आम्ही नव्याने आलो तेव्हा कोणीतरी बिचकत राहायला शिकवलं, आणि ते अंगात मुरलं. परतीच्या वाटेवर ती टिकली पुन्हा लावायचं लक्षात राहायचं नाही, घरी गेल्यावर नवीन लावायचे. आरशाच्या कडेला टिकल्यांची रांग लागली होती.

अशाच एका सकाळी मी एका गोदामाच्या उघड्या फाटकापाशी उभी होते. आत ट्रकमध्ये माल चढवायचा उंच रॅम्प होता आणि त्यावरून कुंपणापलीकडचा सगळा रूळ दिसला असता. फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारेसे गृहस्थ बसले होते. खुर्चीचा एक पाय तारेने बांधलेला, पाठीला गोणपाटाची घडी. शेजारी विटांच्या चुलीवर किटली पालथी घातलेली, रमजान असल्यामुळे.

"मॅडम, इधर क्या काम है?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर शोधत होते तेवढ्यात सांगलीहून आईचा फोन आला. "अगं आई, मग करते. रेवाचा पेपर चालू आहे ना," म्हणून मी फोन ठेवला. बघते तर ते गृहस्थ उठून उभे राहिलेले आणि चेहरा उजळलेला.

"मराठी काय? आमी श्रीवर्धनकडचे! म्हंजे श्रीवर्धनच्या अलीकडचे. युसूफ नाव माझा."

मग गाव, माड, सुपारी, यंदाचा आंबा, एसटी कशी वेळेवर येत नाही, सगळं झालं. मी त्यांना चाचा म्हणू लागले आणि ते मला बाय म्हणू लागले. कॅमेरा बघून त्यांनी विचारलं, "गाडीचा फोटो काढता? काढा ना. चांगली गाडी हाय." बस, एवढंच. ह्या कामाला न हसलेला तो पहिला माणूस. मला रडूच यायचं बाकी होतं. त्याच भरात ते पुढे म्हणाले, "पन उन्हात नका उभ्या रावू. रोजा हाय ना तुमचा?"

आणि मी मान हलवली.

आता त्याचं काय सांगू? घरून दडपे पोहे चापून निघालेली बाई मी. डोक्यावर ओढणी, अंगात काळा अबाया, कपाळ मोकळं. त्यांचा समज होणं साहजिक होतं. "नाही हो चाचा, आम्ही हिंदू," एवढं म्हणायला काय लागत होतं? पण समोरचा माणूस उपाशी, तहानलेला, उन्हात बसलेला, आणि आपल्या सीटखाली गार पाण्याची बाटली. कुठली तरी लाज आडवी आली. मान आपोआप हलली. एकदा हलवली ती हलवली. दुसऱ्या दिवशी ती परत कशी घ्यायची?

झालं असं की सबंध परीक्षाभर सुलैमध्ये माझा रोजा चालू राहिला. चाचा दिसले की मी चेहरा जरा सुकलेला करायचे. त्यांनी "कसं चाललंय, बाय?" विचारलं की "अल्हम्दुलिल्लाह" म्हणायचे आणि मनातल्या मनात जीभ चावायचे. नशिबाने त्यांची एक सवय माझ्या पथ्यावर पडली. थोडा वेळ झाला की ते किल्ल्यांचा जुडगा घेऊन उठायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "मी जरा राउंड मारून येतो, बाय. पार मागल्या कुंपनापर्यंत जायाचं, येळ लागल." ते गेले की मी गाडीच्या दाराआड वाकून घटाघटा पाणी प्यायचे. एकदा तर चिक्की खाल्ली. परत येताना ते लांबूनच किल्ल्या खुळखुळवत यायचे, त्यामुळे तोंड पुसायला वेळ मिळायचा. आपण किती हुशार, असं वाटून मी खुशीत असायचे.

गाडी यायच्या आधी रुळाच्या बाजूने एक थरथर यायची. रॅम्पचा पत्रा आधी बोलायचा, मग भोंगा, मग सायलोंवरची कबुतरं एकदम उठायची. इंजिन पुढे यायचं तसे चाचा खुर्चीतून हात वर करायचे. ड्रायव्हर कधी हात हलवायचा, कधी नाही. मी एका डोळ्याने जग बंद करून दुसऱ्याने डबे मोजून-मापून चौकटीत बसवायचे: चिमणी इकडे, टाकी तिकडे, मधोमध सायलो. फाटक नको, चुलीचा धूर बसलेल्या विटा नकोत, तारेने बांधलेली खुर्ची तर नकोच. माझ्या फोटोत माणूस कधी आला नाही, हे माधुरीचं म्हणणं खरंच होतं.

परीक्षा सरत आली तेव्हा एक दिवस चाचा खुर्चीतून उठून रॅम्पखाली येऊन उभे राहिले. "माझा एक काम होता, बाय. सांगाया शरम वाटते."

काम असं होतं. त्यांच्या धाकट्या मुलीचं, नाझनीनचं, लग्न जुळत होतं. मुरुडकडचं स्थळ, मुलगा जहाजावर. ईद झाली की बोलणी पक्की व्हायची होती. आणि स्थळाला सांगितलं होतं की मुलीचे वडील सौदीत रेल्वेत आहेत.

"मी नव्हता सांगितला," चाचा म्हणाले. "लई वरसं झाली. मी हितून घरी फोन करायचो, मागून गाडी वाजायची. शेजारनीनं आमच्या घरातलीला इचारलं, रेल्वेत हायत काय? तिनं मला इचारलं. मी बोललो, हां, हां. मला काय म्हाईत? आता सगळ्या गावात मी रेल्वेवाला युसूफ. आता पोराचा बाप बोलतोय, ड्युटीवरचा एक फोटो पाठवा."

मी ऐकत होते आणि मला त्यांच्याविषयी एवढी माया वाटली की काय सांगू. आपल्यासारखंच कोणीतरी नुसती मान हलवून फसलेलं होतं. मला त्यात चूक-बरोबर काही सुचलं नाही, उलट उत्साह आला. चौकटीबाहेर काय ठेवायचं, हेच तर माझं कसब! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणाला माझ्या ह्या खुळाचा उपयोग होणार होता. मी बत्त्याच्या बाजारात जाऊन एका हार्डवेअरच्या दुकानातून चमकत्या पट्ट्यांचं नारिंगी जॅकेटसुद्धा आणलं.

सूर्य सायलोंमागे उतरायच्या आधीचा उजेड सगळ्यात चांगला. रेवा संध्याकाळी उजळणीच्या क्लासला गेली होती आणि मी अर्थातच भाजी आणायला. चाचांनी दाढी विंचरली होती. जॅकेट घालून ते रॅम्पच्या कडेला उभे राहिले, मी त्यांना जरा तिरकं केलं, हनुवटी वर करायला सांगितली. गाडी आली. इंजिन बरोबर त्यांच्या खांद्यामागे आलं आणि मी बटण दाबलं. बघता बघता हारिसाचा, म्हणजे इथल्या भाषेत पहारेकऱ्याचा, स्टेशनमास्तर झाला होता. गोदाम नाही, फाटक नाही, काही नाही. एक मोठा माणूस आणि त्याची गाडी.

गाडी लांबलचक होती, अजून जातच होती. चाचांना जॅकेटमध्ये उकडलं असावं. त्यांनी ते काढून बाजूला ठेवलं, जाऊन आपल्या खुर्चीत बसले आणि सवयीने जाणाऱ्या डब्यांकडे हात वर केला. उजेड असा पडला होता की मी विचार न करता आणखी एक फोटो घेतला. त्यात सगळंच आलं: खुर्ची, तार, गोणपाट, पालथी किटली, आणि मागे कडा सोनेरी झालेले सायलो.

अजान झाली. चाचांनी जमिनीवर प्लास्टिकचा कागद पसरला, खजूर, लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या बाटल्या, फॉइलमधले समोसे मांडले आणि पहिला खजूर माझ्यापुढे धरला. "घ्या, बाय. दमलाव तुमी." मी दिवसभर उपाशी असलेल्या बाईला शोभेल अशा गंभीर चेहऱ्याने तो घेतला.

मग त्यांनी हात पुसून फोटो बघितले. स्टेशनमास्तराचा फोटो त्यांनी पुष्कळ वेळ बघितला. खूश झालेच ते. "लई भारी दिसतंय," म्हणाले. मी दुसरा दाखवला आणि "हा असाच" असं म्हणून पुढे सरकवणार, तेवढ्यात त्यांनी माझं बोट धरून थांबवलं.

"हा पाठवा."

"चाचा, ह्यात खुर्ची आलीय. फाटक पण."

"म्हनून तर."

"पण स्थळ..."

त्यांनी लबनचा घोट घेतला. "नाझनीन उद्या तिकडं जाईल. चार वरसांनी कोन तरी हितून जाईल, तिकडं बोलेल, तुजा बाप तर वाचमन होता. मंग तिनं मान खाली घालायची? ती माझी शरम हाय, बाय. तिच्या पदरात कशाला घालू?"

गाडीत मागे बसलेली रेवा माझ्या डोळ्यांपुढे आली. खिडकीबाहेर बघत, सहज, फूलों के फोटो. माझ्या हातात अर्धा खजूर होता. मी म्हटलं, "चाचा, मलाही एक सांगायचंय. माझा रोजा..."

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

 त्यांनी माझ्या गाडीकडे हनुवटी केली. "आरशाला टिकल्या चिकटवल्यात तुमी. आमच्या शेजारच्या सुमनकाकी बी अशाच चिकटवायच्या, न्हानीतल्या आरशाला. पयल्याच दिवशी दिसल्या. तुमी मान हलवली, मी बोललो, असंल बाबा काय तरी कारन. पन एवढ्या उन्हात बिनपान्याची बाई उभी ठेवायची काय? म्हनून तर राउंड मारायचो. न्हायतर मागल्या कुंपनाला काय हाय? नुसती वाळू."

 मला जन्मात कधी एवढी लाज वाटली नव्हती. खोटं पकडलं गेल्याची लाज मला ओळखीची होती; पण हे खोटं तर कोणीतरी रोज उन्हात चालत जाऊन सांभाळलं होतं. स्वतःचा घसा कोरडा असताना, माझा ओला व्हावा म्हणून. आणि परत येताना किल्ल्या वाजवल्या होत्या, मी तोंड पुसावं म्हणून. दाराआड वाकलेली, चिक्की खाणारी, स्वतःच्या हुशारीवर खूश झालेली मी, मलाच दिसायला लागले. मी रडले. चाचा "अवो, अवो" करत राहिले आणि शेवटी त्यांनी समोसा पुढे केला. मी तो खाल्ला, दुसरं काय करणार?

एवढं होऊनसुद्धा, क्लासमधून रेवाला घ्यायला गेले तेव्हा तिने विचारलं, "भाजी कुठाय?" तर मी म्हटलं, "चांगली नव्हती." लाजेची खोड अशी की ती धडा शिकत नाही. रेवाने माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं आणि एसी कमी केला.

ते स्थळ गेलं. मुरुडकरांनी फोटो मिळाल्यावर काही दिवस फोन उचलला नाही आणि मग कोणाकरवी तरी कळवलं की सध्या मुलाचा विचार नाही. चाचांनी मला हे ईदनंतर फाटकाशी उभ्या उभ्या सांगितलं. मला वाटलं, ते स्टेशनमास्तराचा फोटो का नाही पाठवला म्हणून मला बोलतील तर बरं. ते म्हणाले, "गेला तो गेला. पन पोरीनं काय केलं बघा." त्यांनी मोबाईल पुढे केला. नाझनीनच्या नंबरापुढच्या छोट्या गोलात तारेची खुर्ची, पालथी किटली आणि हात वर केलेले अब्बा होते. "सगळ्या गावाला दिसतंय आता," चाचा म्हणाले आणि स्वतःशीच हसले. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचा खुरूज, म्हणजे देश सोडायचा शिक्का, लागला, कायमचा, आणि ते गेले. श्रीवर्धनच्या अलीकडे.

आज सकाळी, ग्रुपवरचे मेसेज वाचता वाचता, बाहेर तसाच धुतलेला उजेड पडला. मी कॅमेरा घेतला आणि निघाले. आरशाच्या कडेच्या टिकल्या आता उन्हाने फिक्या झाल्यात. आजची टिकली काढायची राहिली, की मीच काढली नाही, मला नक्की सांगता येणार नाही. फाटकाशी एक तरुण बंगाली हारिस आहे. खुर्ची तीच, तार नवी. त्याने मला रॅम्पवर जाऊ दिलं आणि तो पुन्हा आपल्या फोनवर बोलू लागला. मी पाण्याची बाटली गाडीत, सीटखालीच ठेवली. बाकी सगळं होतं तसंच होतं, फक्त किल्ल्यांचा आवाज नव्हता.

रॅम्पचा पत्रा थरथरायला लागला आणि नेमका तेव्हाच पुण्याहून रेवाचा फोन आला.

"आई, कुठे आहेस?"

"भाजी आणायला आलेय गं," मी म्हटलं. जीभच ती, तिला वळण पडलेलं. आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत गाडीने भोंगा दिला, लांब, घसा फाडून, सगळ्या सुलैला ऐकू जाईल असा.

 मग रेवा म्हणाली, "बरं. भाजीचा एक फोटो पाठव ना. मागे सायलो येऊ दे. मला तो अँगल आवडतो."

तिला कधीपासून माहीत होतं ते मी विचारलं नाही. बारावीच्या एवढ्या पेपरांत, एवढ्या कोथिंबिरीत, ती किती वेळा माझ्यासाठी राउंड मारून आली असेल, ते मोजायची माझी हिंमत नव्हती. मी म्हटलं, "पाठवते," आणि फोन ठेवला.

इंजिन पुढे सरकत होतं. कॅमेरा गळ्यात तसाच राहू दिला आणि मोबाईल उलटा करून माझ्याकडेच धरला. फोटो चांगला आला नाही. गाडी अर्धी कापली गेली, सायलो कलले, चिमणी माझ्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसतेय, मागे खुर्चीचा तारेचा पाय, आणि मधोमध ओढणी घसरलेली, कपाळावर टिकली असलेली, उन्हाने डोळे बारीक केलेली एक बाई. तो रेवाला पाठवला. मग तोच आयांच्या ग्रुपवर टाकला, हॉल तिकिटांच्या आणि पार्किंगच्या मधोमध, आणि खाली लिहिलं: "मी, सुलै, मालगाडी."

 लाज वाटायची ती वाटलीच. पण ती माझी होती, माझ्याजवळच राहिली.